मागच्या सीटवरचा वास

७ एप्रिल, सोम.
ऊन चढलं की किसनकाकांची कॉन्टेसा येते, तशी आज आली. हसनाबादहून, काचा खाली, काकांच्या डोक्याला उपरणं. बावीस उन्हाळे झाले. "सुदाम मिस्त्री, गार वारा भरा जरा," हे ठरलेलं वाक्य. मग खुर्चीतल्या उस्तादांना रामराम आणि सगळ्या नाक्याला ऐकू जाईल असं, "पोराच्या नव्या गाडीत बी बसून बघितलं, पण यूसुफभाईच्या हातची थंडी न्हाई कुठंच." उस्ताद खूश. ऐंशीला टेकले, डोळ्यांनी अंधूक दिसतं, आता हत्यार धरत नाहीत. पण बोर्डावर नाव त्यांचंच, आणि ते तसंच राहावं ही माझीच इच्छा.

आज एक गोष्ट वेगळी. मागच्या सीटवर ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर, पट्ट्यानं बांधलेला. मालनकाकूंचा. चुलीच्या धुरानं फुफ्फुसं गेली म्हणे. दर गुरुवारी संभाजीनगरला दवाखाना. बसवत नाही, आडवं व्हावं लागतं, आणि ही सीट खाटेएवढी. शिवाय उकाडा सोसत नाही.

मी ए.सी.चा गॅस भरला नाही. "कॉम्प्रेसर बघावा लागेल, गाडी राहू द्या." काका सिलिंडर काखेत घेऊन एसटीनं परत.

८ एप्रिल, मंगळ.
या वहीत दर वर्षी एकच ओळ आहे. 'कि.काका, घरचा भरला.' आज नीट लिहितो. घरचा म्हणजे शेगडीचा गॅस. स्वयंपाकाचा.

बावीस वर्षांपूर्वी उस्ताद हजला गेले होते, दुकान माझ्यावर. ए.सी.चा जुना गॅस बाजारातून नाहीसा झालेला. काकांच्या मुलीचं लग्न दोन दिवसांवर, नवरी ह्याच गाडीतून जायची. नव्या गॅसवर आणायची तर कॉम्प्रेसर, पाइप, सगळंच बदलावं लागतं, त्याला वेळ नव्हता. कुणीतरी म्हणालं, घरचा भर, चालतो. भरला. चालला कसला, दात वाजतील इतकं गार! उस्ताद परतल्यावर काकांनी भर रस्त्यात त्यांची पाठ थोपटली. उस्तादांनी मला विचारलं, "पुराना गॅस मिला कहाँ?" मी म्हणालो, मिळाला एकाकडं.

पुढे बाकीच्या सगळ्या जुन्या गाड्या मी नव्या गॅसवर आणल्या. ॲम्बॅसेडर, फियाट, एक जुनी परदेशी सुद्धा. हीच तेवढी राहिली. हिला हात लावायचा तर आधी तोंड उघडावं लागलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. दर उन्हाळ्यात थोडा भरायचा आणि गप्प बसायचं. घरी बायकोला, सुमनला वाटतं, चहा फार होतो, म्हणून सिलिंडर लवकर संपतो.

पण आता त्या गाडीत ऑक्सिजन आहे. आणि काकांच्या खिशात बिडी.

९ एप्रिल, बुध.
काकांचा फोन, झाली का गाडी. मागून काकूंचा आवाज, धाप लागलेला, "त्यांना वासाचं सांगा की."

काका हसले. "हिला गाडीत शेगडीचा वास येऊन राह्यला म्हणे. तीन वर्सं झाले, हेच. म्या बसतो पुढं, मला येत न्हाई. पोराला येत न्हाई. डॉक्टरला सांगितलं तर ते म्हणले भास हाय, गोळ्या चालू केल्या. नाकच बिघडलं तिचं."

मी पण हसलो. फोन ठेवला. खरं सांगायचं तर भीती वाटली.

१० एप्रिल, गुरु.
आज त्यांचा दवाखाना. भाड्याच्या जीपनं गेले असतील, ह्या उन्हात.

दुपारी गाडी चालू करून मागच्या सीटवर बसलो. सिलिंडर बांधला होता त्याच बाजूला. काचा बंद. पाच मिनिटं काही नाही. दहा मिनिटांनी आला. बारीकसा, शेगडीचं बटण अर्धवट राहिल्यावर स्वयंपाकघरात येतो तसा. पुढे जाऊन बसलो तर तंबाखूच्या वासापुढे काहीच नाही.

डॅशबोर्ड खोलला. कूलिंग कॉइलला साबणाचं पाणी लावलं. फेस आला, फुटला, परत आला.

म्हणजे तीन वर्षं त्या बाई खरं बोलत होत्या.

११ एप्रिल, शुक्र.
डोकं नको तिकडे धावतंय. गुपचूप तो गॅस काढून टाकावा, नवीन कॉम्प्रेसर, नवीन कॉइल, नवा गॅस. काकांना सांगावं, जुनं झालं होतं, बदललं, माझ्याकडून भेट. कुणाला पत्ता नाही. उस्तादांचं नाव शाबूत, माझंही.

मग? वास जाईल. काकू म्हणतील, वास गेला. काका म्हणतील, बघ, गोळ्या लागू पडल्या. आणि त्या गोळ्या जन्मभर.

नाही जमणार.

१३ एप्रिल, रवि.
आधी उस्तादांना सांगितलं. चारच्या चहाला. रोजची पद्धत अशी की एकच कप मागवायचा, अर्धा ते बशीत ओततात, बशी माझी. आज बशी हातात असतानाच बोललो. पूर्ण ऐकून घेतलं त्यांनी. मग एवढंच, "बोर्ड पे नाव किसका है रे, सुदाम?"

"तुमचं."

"पढना आता ना तेरे को?"

उठले, काठी घेऊन घरी गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पूर्वी पाना फेकून मारायचे.

१४ एप्रिल, सोम.
जयंती. शहरभर निळे झेंडे, नाक्यावर ढोल. शेजारचं वेल्डिंग बंद, आसपास ठिणगी नाही, म्हणून आजच गाडी मागच्या मोकळ्या जागेत ढकलत नेली आणि गॅस हळूहळू सोडून दिला. तासभर कुणाला जवळ येऊ दिलं नाही. आजवर काही झालं नाही ही काका-काकूंची पुण्याई. माझं त्यात काही नाही.

उस्ताद आले नाहीत. खुर्ची आत घेतली नाही, तिथेच ठेवली.

१६ एप्रिल, बुध.
हसनाबादला जाऊन आलो. मोटारसायकलवर तोंड भाजून निघालं. वाटेत दोनदा वाटलं, मागं फिरावं.

ओसरीवर सगळं सांगितलं. काकांना आधी समजलंच नाही. मग समजलं तर आवाज एकदम बारीक झाला. "बावीस वर्सं? माझी लेक त्याच गाडीत बसून गेल्ती. नातू घेऊन हिंडलो. आन् म्या गावभर यूसुफभाईचं नाव सांगत राह्यलो."

"त्यांना ठाऊक नव्हतं. माझंच एकट्याचं आहे हे."

काका उठून गोठ्याकडे गेले. चपला न घालता.

काकू आत खाटेवर, नाकात नळी. दार उघडंच होतं, ऐकत होत्या. हात हलवून मला बोलावलं. वाटलं, आता शाप देतात. म्हणाल्या, "त्यांला आत बोलवा. मंग पुन्यांदा सांगा. माझ्या म्होरं."

काका आले, दारात उभे राहिले. मी पुन्हा सांगितलं. वास खरा होता. मला पण आला. काकूंच्या नाकाला काही झालेलं नाही.

"आणखीक एकदा," काकू.

तिसऱ्यांदा सांगितलं. काका जमिनीकडे बघत होते. काकूंनी उशाखालून गोळ्यांचं पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. "डॉक्टरला मी सांगते काय सांगायचं ते. हे तुमीच ठेवा. लई झोप येती त्यानं."

पाकीट ह्या वहीत आहे. सहा गोळ्या शिल्लक.

१७ एप्रिल, गुरु.
काकांचा निरोप नाही. गाडी न्या म्हणत नाहीत, करा म्हणत नाहीत. मी करायला घेतलं. नवा कॉम्प्रेसर जुन्या जागी बसत नाही, लेथवर ब्रॅकेट करायला टाकलं.

१९ एप्रिल, शनि.
उस्ताद आले. सलाम नाही, काही नाही. खुर्ची गाडीजवळ ओढायला लावली. जुन्या पाइपांच्या जागी मी घातलेले नवे हातानं चाचपून बघितले. मधली लोखंडी नळी मी जुनीच ठेवणार होतो, एकदा धुतली होती. उस्तादांनी बोट आत घालून वास घेतला. "धो." धुतली. "फिर धो." चार वेळा.

चहा आला. कप त्यांनी पूर्ण प्यायला. मी माझा वेगळा मागवला, अर्धा तसाच गार झाला.

२३ एप्रिल, बुध.
झाली. व्हॅक्यूम रात्रभर धरून ठेवला, काटा हलला नाही, म्हणजे गळती नाही. नवा गॅस बरोबर वजन करून भरला. भर दोनच्या उन्हात चालू केली. उस्तादांनी हात जाळीपुढे धरला.

"पहले से कम है."

"हो. एवढंच होणार आता."

"बराबर है," म्हणाले. एवढ्यावर मी दिवस काढला.

संध्याकाळी काकांचा फोन, पाच शब्द. "उद्या येतो. मालन हाय संगं."

२४ एप्रिल, गुरु.
काका-काकू जीपमधून उतरले. काका माझ्याकडे बघेनात, उस्तादांकडे पण नाही. उस्तादच उठून उभे राहिले, हात जोडले. मी त्यांना आजवर कुणापुढे हात जोडताना पाहिलं नव्हतं. काकांनी ते हात धरले, खाली केले. ही शिक्षा माझी होती. उस्तादांनी भोगली.

काकूंना मागे उशीला रेलून आडवं केलं, सिलिंडर बांधला. ए.सी. लावला, काचा वर केल्या. काकूंनी नाकातली नळी काढली आणि डोळे मिटून वास घेत राहिल्या. आम्ही तिघं बाहेर, काचेतून बघत. काकांची बिडी खिशातच होती, आज काढली नाही.

काच थोडी खाली आली.

"काकू, आता नाही येणार वास," मी.

"ते म्या सांगन."

नळी परत नाकात घातली. काच चार बोटं उघडीच ठेवली.

काका म्हणाले, "अगं, सगळी थंडी भायेर चालली."

"चालू द्या."

काका पुढे बसले. गाडी संभाजीनगरच्या रस्त्याला लागली. नाक्याच्या वळणापर्यंत बघत उभा होतो. काच खालीच होती.