रस्त्याकडची खिडकी

मी, रंभा दौलतराव कापगते, मूळची पवनीकडची, सध्या राहणार सेक्टर ६, भिलाई, हे मृत्युपत्र शेजारच्या सिंधुताईंकडून लिहवून घेत आहे. पोटातल्या गाठीनं शरीर खाल्लं, डोकं मात्र ठिकाणावर आहे. कोणी दटावलेलं नाही, गोड बोलून वळवलेलंही नाही. आजवर सगळ्यांच्या मनासारखं केलं. हा कागद तेवढा माझ्या मनासारखा.

एक. इथून जवळच्या बोरसी गावातली जागा माझ्या नावावर आहे. माहेरच्या पाटल्या मोडून ती घेतली, कारण मला खानावळ काढायची होती. इथला पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हा आपल्याकडची किती माणसं बायका-मुलं गावी ठेवून इथं आली आणि स्वतःच्या हातचं कच्चं-करपलं खाऊन आजारी पडली. त्यांना झुणका-भाकर, पाटवडीचा रस्सा घालायचा, रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीतून ताट द्यायचं, एवढंच मनात होतं. माझे मालक, रत्नीचे बाबा, कारखान्याच्या कामगारांची क्वार्टरं बांधणारे गवंडी. क्वार्टरच्या अंगणात कोळशानं सगळं घर आखून मी त्यांना दाखवलं. "गवंड्याची बायको हायेस तू. घराचं का, कवाबी बांधून देईन," म्हणाले आणि ड्युटीवर गेले.

मग दिराचं लग्न, सासूबाईंचं आजारपण, नणंदेचं बाळंतपण. लोकांची घरं आज, गवंड्याचं घर उद्या. यंदा डॉक्टरांनी मान हलवली आणि त्याच आठवड्यात रत्नीचे बाबा बोरसीत पाया खणायला लागले. ड्युटी करून आले की थापी घेऊन तिकडंच. एकट्यानं भिंती चढवल्या. दिवाळीनंतर मला रिक्षात घालून नेलं, डोळ्यांवर हात ठेवून समोर उभं केलं. हात काढला, तर पुढ्यात सेक्टर ६ चं क्वार्टर! तीच खोली, मागं तेच स्वयंपाकघर, रस्त्याकडं तीच आंधळी भिंत आणि वर वीतभर झरोका. इतकी वर्षं एकच घर बांधलेल्या हातांनी पुन्हा तेच बांधलं होतं. "कसं वाटते, रंभे?" त्यांचेच डोळे भरलेले. मी म्हटलं, "लय चांगलं झालं जी." घरी येऊन खूप रडले. गाठीचं कळलं तेव्हाही एवढी रडले नव्हते.

दोन. ते घर आणि जागा माझी मुलगी रत्नमाला हिला द्यावी. तिला नागपूरला नर्सचं शिकायला जायचं आहे. दीर गुलाबराव यांनी स्थळ आणून ठेवलं आहे. त्या लोकांना चहा पाजून परत पाठवावं. शिक्षणासाठी घर विकावं लागलं तर तिनं खुशाल विकावं. माझी खानावळ तिच्या गळ्यात बांधू नये.

तीन. खानावळीसाठी जमवलेली मोठी पातेली, परात, झारे शेजारच्या कौशल्येला. माझा खलबत्ता तिनं नेला तो अजून नेलेलाच आहे. तोही आता तिचाच, लपवून कुटायची गरज नाही.

चार. गुलाबराव भाऊजींना काही नाही. घ्यायचं ते त्यांनी मी जिवंत असतानाच घेतलं.

पाच. रत्नीच्या बाबांवर माझा राग आहे आणि जीवही आहे. त्यांनी डबा विसरू नये. उपाशी पोटी बांधकामाच्या पहाडावर, त्या बांबूंच्या परांचीवर, चढू नये.

इथवर लिहून झाल्यावर सिंधुताईंनी मोठ्यानं वाचून दाखवलं. रत्नीचे बाबा दारात उभे होते, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. ते खाटेजवळ येऊन खाली बसले. म्हणाले, "खिडकी कुठं काढू, सांग. आत्ता भित फोडतो."

हे विचारावं म्हणून मी सारा जन्म वाट पाहिली. आता माझ्यानं भाकर थापवत नाही.

मी म्हटलं, "मले नोका विचारू जी. रत्नीले विचारा, तिले खिडकी पाह्यजे का."

हेही या कागदात लिहावं, असं मी सिंधुताईंना सांगितलं आहे.

सही: रंभा दौलतराव कापगते (चौथी पास, स्वतःच्या हातानं)

साक्षीदार:
सिंधुताई झोडे, शिक्षिका
देवाजी हटवार, शेजारी

ठिकाण: भिलाई
तारीख: ८ डिसेंबर १९६३