तौनोदादाची नवी रायफल

कुह्मो, ५ जून १९९४

चि. सायमीस,
थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद. स्वीडनात राहून अजून फिनिश वाचता येत असेल, तर पुढचं वाच.

इकडे सगळं ठीक. एल्मानं बटाटे लावले, आणि डासांनी आम्हाला फोडून काढलंय. आता मुद्द्याचं. मी नेमबाजीच्या परीक्षेत नापास झालो. हसू नकोस. लाकडी मूस हरणावर चार गोळ्या झाडायच्या, चारही वर्तुळात लागल्या तरच शिकारीला रायफल हातात धरता येते, हे तुला माहीतच आहे. इतकी वर्षं हे मी गप्पा मारता मारता करायचो. यंदा दोन वर्तुळात, एक पोटावर, आणि एक कुठं गेली ते देवाला ठाऊक.

दोष रायफलीचा आहे. सहकारी दुकानातून घेतलेली ती स्वस्तातली. दस्ता थंडीत आक्रसतो, चाप गंजक्या बिजागरीसारखा अडतो. आमच्या शिकारी टोळीचा म्होरक्या ओस्मो, त्यानं अक्रोडी दस्त्याची महागडी घेतली आणि चारही गोळ्या बशीएवढ्या जागेत बसवल्या. गेल्या शरदात दलदलीच्या कडेला माझ्या गोळीनं मूसचा एक नर जखमी होऊन पळाला. माझा कुत्रा पेनी अंधार पडेपर्यंत त्याच्या मागावर होता. मग कधीतरी कावळ्यांनी तो दाखवला, मांस सगळं वाया गेलेलं. मला कोणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून डोक्यातून तो जात नाही, जेवायला बसलो तरी. तेही या रायफलीचंच काम, दुसरं काय.

तू लग्नाआधी रायफलींच्या कारखान्यात होतीस, म्हणून विचारतो. महाग रायफल पैशाला जागते का? लवकर लिही. मला घाई आहे.

तुझा,
तौनो


बोरोस, १९ जून १९९४

ती. तौनोदादास,
सायमीचा शि. सा. न. वि. वि. फिनिश अजून येतं, आणि टोमणेसुद्धा कळतात.

ऐक. आमच्या कारखान्यात महागातल्या आणि स्वस्तातल्या नळ्या एकाच यंत्रावर कातल्या जायच्या. कुठली कुठं जाणार हे आम्हा बायकांनाही ठाऊक नसायचं. जास्तीचे पैसे जातात ते लाकडाला, पॉलिशला आणि नावाला. अगदीच फुकट जातात असंही नाही. महागातलीचा चाप मऊ, गोळी भरायचा बोल्ट कडाक्याच्या थंडीतही अडत नाही, आणि दिवसभर खांद्यावर वागवायची तर हलकीही पडते. पण पाऊणशे मीटरवर एवढं मोठं वर्तुळ चुकवायचं, तर तुझ्या त्या गरीब रायफलीला मुद्दाम कष्ट घ्यावे लागतील रे!

एक कर. तुझी रायफल ओस्मोच्या हातात दे आणि त्याची तू चालव. पैसे न मोजता काय ते कळेल. आणि एवढी घाई कसली? तुझं पत्र वाचल्यापासून मलाच चैन नाही. भांडी अर्धी टाकून दोनदा पुन्हा काढून वाचलं.

वहिनीला नमस्कार. माझ्यावर रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
सायमी


कुह्मो, २० ऑगस्ट १९९४

चि. सायमीस आशीर्वाद.

बोटीचं इंजिन विकलं आणि रायफल घेतली. दुर्बीणही नवीच बसवली. आता तळ्यात वल्ही मारतो, तेवढाच व्यायाम. रायफल काय सुरेख आहे म्हणून सांगू! बोल्ट नुसता बोटानं सरकतो. एल्मा म्हणते, लग्नात माझ्याकडे इतक्या प्रेमानं पाहिलं नव्हतंत.

आणि परीक्षा पास झालो. तेव्हा तुझं ते यंत्रपुराण आता पुरे. अदलाबदल करायची काही गरज वाटली नाही.

हे पत्र आखूड आहे, कारण कामं पडली आहेत. लोभ ठेवणं तुझ्याकडे लागलं.

तौनो


कुह्मो, ४ सप्टेंबर १९९४

प्रिय सायमीवन्सं,
स. न. वि. वि. हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे, उत्तरात माझं नाव काढू नका.

पास झाले ते खरं. पण गावोगावची मैदानं हिंडून, दर वेळी नव्यानं फी भरून. शेवटी एक गोळी वर्तुळाच्या रेघेला चाटून गेली, आणि रेघेवरची आत धरतात म्हणून सुटले. ओस्मोभावजींनी यांची जुनी रायफल सहज म्हणून मागून घेतली आणि चारही गोळ्या आत घातल्या. हे आमचे त्या दिवशी घरी आले ते थेट गोठ्यात जाऊन बसले, गायी विकून किती वर्षं झाली तरी.

वन्सं, यांचे हात थरथरतात. कॉफीचा कप अर्धाच भर म्हणतात. डॉक्टरचं नाव काढलं की सरपण फोडायला निघून जातात, आणि मी खिडकीत जीव मुठीत धरून उभी. शिकारीला रांगेत शेजारीपाजारी माणसं उभी असतात हो. काही भलतं झालं तर? माझं ऐकत नाहीत. तुमचं कधी ऐकलंय असंही नाही, पण तुम्ही लिहा. मला फार भीती वाटते.

तुमचीच,
एल्मा


बोरोस, १२ सप्टेंबर १९९४

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

महाग की स्वस्त यावर मी पानभर लिहिलं आणि विचारायचं तेच राहून गेलं. तुझे हात कसे आहेत? उत्तर मला नाही दिलंस तरी चालेल.

सायमी


कुह्मो, २५ सप्टेंबर १९९४

चि. सायमीस आशीर्वाद.

अक्षर एल्माचं आहे, बोलणं माझं. ती मधेमधे नाक ओढते आहे, ते सोडून बाकीचं वाच.

तुझ्या पत्राचा मला इतका संताप आला की ते सरळ चुलीत घातलं. पण जळालं म्हणून संपलं थोडंच. काल शिकारीचा पहिला दिवस. मी माझ्या जागी, तोडलेल्या जंगलाच्या कडेला उभा होतो. पेनी ओस्मोबरोबर होता. तो लांब भुंकला, आणि झाडीतून नर बाहेर आला. माझ्याकडे कूस करून थांबला. अशी संधी लोकांना दहा वर्षांत मिळत नाही.

रायफल खांद्याला लावली. जुन्या दुर्बिणीत सगळं धुरकट असायचं. या नवीत मला त्याच्या पापण्या दिसत होत्या, आणि मधली ती नेमाची फुलीही दिसत होती. मानेवर, पोटावर, मागच्या झुडपावर, परत पोटावर. श्वास रोखला, झाडाला टेकलो, तरी ती थांबेना. चाप तर असा मऊ की बोट लावायचाच अवकाश. पैसे वसूल झाले म्हण, जुनीनं वर्षभर माझ्यावर पांघरूण घातलं होतं. मी बोट बाहेर काढलं. नर दमादमानं चालत निघून गेला.

ओस्मोनं वॉकीटॉकीवर विचारलं, काही दिसलं का. नाही म्हटलं असतं तर कुणाला कळलं नसतं. वॉकीटॉकीवर बोललेलं सगळी रांग ऐकते, हे ठाऊक असून बटण दाबलं.

“नर गेला माझ्यासमोरून. मी गोळी घातली नाही. माझे हात थरथरतात. गेल्या वर्षीसुद्धा थरथरत होते.”

बटण सोडलं. मला वाटलं, संपलं, आता या माणसांत आपण परके. मग ओस्मो बोलला.

“ऐकलं आम्ही. रायफल रिकामी कर आणि इकडे ये. तुझा कुत्रा माझं काही ऐकत नाही.”

म्हणून बाकीचा दिवस मी पेनीबरोबर हाकारा घालत हिंडलो. पाय अजून शाबूत आहेत. आणि गेल्या वर्षापासूनचा तो नर काल पहिल्यांदा जेवताना डोळ्यांपुढे आला नाही. गुरुवारी डॉक्टरकडे जायचं ठरलंय. भीती वाटते, हे एल्मालाही आताच कळतंय, लिहिता लिहिता.

लोभ आहे तो राहू दे. खालची सही मात्र मी स्वतः करतोय. वाचता आली नाही, तर माझीच समज.

तौनो