डिस्प्ले आपोआप गेला

सोमवार, ४ तारीख
ग्राफिक्स कार्ड आलं. काळं, जड, दोन पंख्यांचं. बायकोला दाखवलं. हे काय, म्हणाली. तुझ्यासाठी, म्हणालो.

बायको आर्किटेक्ट. नोकरी सोडून घरूनच स्वतःचं काम सुरू केलंय. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक दातांच्या डॉक्टरीणबाई. त्यांना नवा दवाखाना करायचाय आणि येत्या शनिवारी सकाळी त्यांना त्याची चित्रं दाखवायची आहेत. ती चित्रं आमच्या कॉम्प्युटरवर फिरवायला गेलं की तो धापा टाकतो. म्हणून कार्ड. त्यावर विमान उडवायचा गेमही झकास चालतो असं ऐकलंय, पण तो मुद्दा गौण.

शनिवारनंतर बसव, म्हणाली. म्हटलं, अर्ध्या तासाचं तर काम आहे. मग शनिवारनंतरही अर्धा तासच लागेल, म्हणाली. या बोलण्यात कुठेतरी चूक आहे. सापडली की लिहीन.

माझ्या भावाला बोलवू का, असंही विचारून झालं. मेहुणा कॉम्प्युटर दुरुस्तीच करतो. पण नको. तो आधी 'भाऊजी' म्हणतो आणि मग हसतो.

संकल्प: उद्या. स्वतः. कुणाच्याही मदतीशिवाय.

मंगळवार, ५ तारीख
ऑफिसातून लवकर निघालो. बायको साईटवर. कॉम्प्युटरचा डबा उघडला. आत धूळ. फुंकर मारली, ती सगळी माझ्याच नाकात. ओल्या फडक्याने पूस, आई म्हणाली. तिला विजेतलं काही कळत नाही. मी वाद घातला नाही.

कार्ड खाचेत बसेना. जोर लावला. खट् झालं. हा चांगला खट् की वाईट, हे कळायला मार्ग नाही. चांगला धरून चाललो.

डब्याच्या मागे कार्डाची भोकं दिसतात, त्यांना प्लास्टिकची टोपणं आहेत. वॉरंटीचं सील असणार. हात लावला नाही. एखाद्या नवशिक्याने उपटून फेकली असती. मॉनिटरची वायर वरच्या जुन्याच जागी लावली. चालत्या गोष्टीला हलवू नये.

बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले. स्क्रीन काळा.

मॉनिटर चालू आहे का, आईने विचारलं. चालू होता. (आता आहे.) तरी काळाच.

कार्ड काढलं. लगेच चित्र आलं. म्हणजे कार्ड खराब. कंपनीला कडक शब्दांत ईमेल पाठवला.

बायको आल्यावर म्हटलं, मी विचार केला, शनिवारनंतरच बसवू. तिला इतकं बरं वाटलं की मलाही माझं कौतुक वाटलं.

बुधवार, ६ तारीख
मी विमा कंपनीत दावे तपासतो. टीव्ही आपोआप पडला, गाडी आपोआप भिंतीवर गेली. 'आपोआप' दिसलं की फाईल बाजूला काढतो. इतक्या वर्षांत डोळा तयार झालाय.

शेजारच्या टेबलावरच्याला कार्डाचं सांगितलं. तो म्हणाला, मदरबोर्डवर मुळातच एक डिस्प्ले असतो. वर नवं कार्ड बसवलं की दोघांचं जमत नाही. सेटिंगमध्ये जाऊन जुन्याला बंद करायचं. मी याच निष्कर्षाला येत होतो.

घरी आलो तर बायको लाकडाचे नमुने बघायला गेलेली. कार्ड शनिवारनंतर बसवायचं ठरलंय. सेटिंगबद्दल काहीच ठरलेलं नाही. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट दाबत राहिलं की एक निळं पान येतं. त्यात जुना डिस्प्ले सापडला. बंद केला. सेव्ह केलं. खरं तर इथेच थांबणार होतो.

कार्ड बसवलं. काळा.
हरकत नाही. कार्ड काढलं. काळा.
पुन्हा बसवलं. काळा.

जुना डिस्प्ले पुन्हा चालू करायचा तर निळं पान दिसायला हवं. निळं पान दिसायचं तर डिस्प्ले हवा. हे ज्याने बनवलं त्याने पुढचा विचार केलेला नाही.

चित्रं पेनड्राइव्हवर आहेत. पण ती उघडायचं सॉफ्टवेअर फक्त याच कॉम्प्युटरवर.

बायको आली. दमली असशील, आधी जेवून घे, म्हणालो. काय केलंस, म्हणाली. जेवणाचं विचारलं तर माणसावर संशय. डिस्प्ले आपोआप गेला, एवढंच सांगितलं.

गुरुवार, ७ तारीख
बायको बोलत नाही. जेवणाच्या टेबलावर मोठे कागद पसरून दवाखाना हाताने काढायला बसलीय. सवय गेली हाताची, असं भिंतीला सांगितलं. मला फक्त एकच वाक्य: भावाला फोन कर. संध्याकाळपर्यंत मीच करून देतो, म्हणालो.

मॉनिटरला नवी वायर आणली. जुन्याच जागी लावली. काळा. मॉनिटर उचलून शेजारी नेला, त्यांच्या कॉम्प्युटरला लावला. छान चालला. म्हणजे आता मॉनिटरवरचाही संशय गेला. तो होता तेव्हा बरं होतं.

तू हात लावायच्या आधी चालत होतं ना रे, आई म्हणाली. योगायोग आणि कारण यांत फरक असतो, हे तिला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाली.

टेबल अडलेलं. सगळे स्वयंपाकघरात उभ्याने जेवलो.

शुक्रवार, ८ तारीख
रजा टाकली. कारण: घरगुती तांत्रिक बाब.

दुपारी बायकोच्या कागदावर शाईचा फराटा उठला. जवळजवळ पूर्ण झालेलं चित्र होतं. तिने पेन खाली ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. मीही शेजारी जाऊन उभा राहिलो. समोरच्या इमारतीकडे बघत ती म्हणाली, नोकरी सोडली तेव्हा सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. तू एकटा म्हणालास, सोड, होईल. मी हो म्हणालो. म्हणून जास्त राग येतोय, म्हणाली.

मला काहीतरी काम दे, म्हटलं. तिने जरा विचार करून भिंतींना करडा रंग द्यायला सांगितलं. जिथे कमीत कमी नुकसान होईल असं काम तिने शोधलं, अशी शंका येते. मन लावून रंगवलं. एका ठिकाणी, रुग्ण बसतात त्या खुर्चीशेजारी, रंग रेषेबाहेर गेला. आपोआप नाही. हात घसरला. तिने एक लांब श्वास घेतला आणि त्या डागाचं कुंडीतलं झाड करून टाकलं.

तिने पुन्हा काढलेल्या चित्रासह सगळी चित्रं संध्याकाळी पुरी झाली. भिंती छान झाल्यात.

शनिवार, ९ तारीख
बायको कागदांची गुंडाळी काखेत घेऊन गेली. मी मेहुण्याला फोन केला. माझ्या एका मित्राचा कॉम्प्युटर आहे, असं सांगून सगळं वर्णन केलं. त्याने विचारलं, मित्राने मॉनिटरची वायर वर जुन्या जागी लावलीय की खाली कार्डाला. मित्राला विचारून सांगतो, म्हणालो. कार्डाच्या भोकांवरची टोपणं काढली का मित्राने? म्हटलं, ते वॉरंटीचं सील आहे.

फोनवर काही ऐकू येईना. रेंज गेली असावी. मग तो म्हणाला, भाऊजी, धूळ जाऊ नये म्हणून असतात ती. काढा आणि वायर तिथे लावा.

'काढा' म्हणाला. 'काढायला सांगा' नाही.

टोपण काढलं. वायर लावली. चित्र आलं. म्हणजे दोघांचं जमत नाही हे माझं निदान शंभर टक्के बरोबर होतं. त्याने फक्त जागा दाखवली.

बायको दुपारी आली. काम मिळालं. हाताने काढलेली चित्रं बघून डॉक्टरीणबाई खूश. खुर्चीशेजारचं झाड तर इतकं आवडलं की तिथे खरंच झाड लावायचं ठरलंय. ते झाड मुळात कुणाचं, याची मी तिला आठवण करून दिली. ती हसली. बुधवारनंतर पहिल्यांदा. मग स्क्रीन दाखवला. बघून म्हणाली, अरे वा, आला. एवढंच.

रविवार, १० तारीख
चित्रं आता गरागरा फिरतात. पण कार्डाची पूर्ण चाचणी व्हायला हवी. विमानाचा गेम टाकला. सकाळी उड्डाण.

बायकोला कामाला बसायचं होतं. मी विमान उतरवत होतो. जरा थांब, म्हणालो. विमान धावपट्टीच्या अलीकडे शेतात उतरलं. वैमानिकाने हिंमत सोडून चालत नाही. पुन्हा उड्डाण. ती दोनदा येऊन गेली. नंतर आली नाही. गॅलरीत फोनवर कुणाशी तरी बोलत होती. समजूतदार आहे.

सोमवार, ११ तारीख
ऑफिसातून आलो तर मेहुणा घरात. हातात कॉम्प्युटर. डॉक्टरीणबाईंनी जुन्या दवाखान्यातली एक खोली बायकोला काम होईपर्यंत वापरायला दिलीय. उद्यापासून ती तिथे बसणार. कॉम्प्युटरही तिथेच.

घरी काय कमी आहे, विचारलं. काही नाही, म्हणाली, पण तिथे कुणी काही सुधारणार नाही.

एकूण माझ्या कामाचा वेग तिला झेपत नाही असं दिसतं. मी दार धरलं. कॉम्प्युटर गेला.

टेबल रिकामं. आईने लगेच त्यावर चादर अंथरून इस्त्री मांडली. हल्ली उशिरा तापते गं बाई, स्वतःशीच म्हणाली. म्हटलं, थांब, आत्ता उघडून बघतो. पेचकस घेऊन आलो तर आई इस्त्री मांडीवर घेऊन बसलेली.

चालते आता, म्हणाली.