चित्रातल्या माणसाची कुंची

मुधोळ
डिसेंबर १९९८

प्रिय खुशाल,

अनेक आशीर्वाद. सौ. रुख्मिणीची प्रकृती उत्तम आहे आणि तिला सातवा महिना लागला, हे वाचून समाधान वाटले. तुझी आई असती तर एव्हाना हैदराबादला येऊन तुमच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे तिने आपल्या मनाप्रमाणे लावून टाकले असते. मला तसे काही जमत नाही. तिच्या माघारी घर चालते, इतकेच म्हणता येईल. चंद्रभागा इथे राहायला आली म्हणून दोन वेळा चूल तरी पेटते. मी तिचा थोरला भाऊ असलो तरी हल्ली तीच मला जेवायला उठवते.

तू पाठविलेली तुझ्या संगणकावरच्या खेळाची सीडी मिळाली. आपल्या गावात संगणक नसल्यामुळे निर्मल शहरातल्या संगणकवर्गात जाऊन ती पाहिली. आपल्या मुलाने या खेळातल्या माणसांचे कपडे चितारले आहेत, हे मी तिथल्या मास्तरांना जरा जास्तच मोठ्याने सांगितले. चंद्रभागेला मुद्दाम बरोबर नेले होते. पडद्यावर तुझा तो योद्धा आला आणि त्याच्या पाठीवर मला ती दिसली: लाल खणाची, कडेने हिरवे त्रिकोण, मध्ये पिवळ्या दोऱ्याची ज्वारीची कणसे. तुझ्या बारशाला तुझ्या या आत्याने शिवलेली कुंची. मी तिच्याकडे कौतुकाने पाहिले. तेवढ्यात बाण लागून योद्धा पडला. विद्यार्थ्याने कळ दाबली, तो उठला आणि पुन्हा पडला. पोरे हसत होती. ती मला हळूच म्हणाली, "दादा, आपल्या खुशालच्या कुंचीत हा काऊन मरून राह्यला?"

हे सारे काल्पनिक जग आहे, तिथे खरे कोणी मरत नाही, असे मी तिला समजावू लागलो. "चित्र हाय, समजते मले," ती म्हणाली. "कुंची तर खरी हाय ना? मले इचारलं काय कोनी?" परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती.

आपल्याकडची रीत तुला ठाऊक असायला हवी होती. ती तुला सांगणे माझे काम होते. आत्याने शिवलेली कुंची एकाच डोक्याची असते. तशी दुसरी ती स्वतःही शिवत नाही. शेजारच्या भागीरथावहिनींना जुळे झाले तेव्हा त्या पोरांच्या आत्याने दोघांसाठी दोन वेगळ्या नक्षी काढल्या होत्या. बाजारातल्या एका शिंप्याने तुझी कुंची नमुन्यासाठी मागितली, तेव्हा तुझ्या आईने त्याला चहा पाजला आणि "आमचं पोरगं उघडं पडते, भाऊ," एवढेच सांगून वाटेला लावले. मी त्या वेळी हसलो होतो.

सीडीबरोबर आलेल्या तुझ्या चिठ्ठीतला युक्तिवाद मी दोनदा वाचला. कापड परत पाठवले, ते पुन्हा पेटीतच आहे, कोणाचे काही गेले नाही, नक्षीवर कोणाची मालकी नसते, आणि चित्राने घेतले म्हणून खऱ्या माणसाला थंडी वाजत नाही. कॉलेजात शिकवीत असतो तर तुला पूर्ण गुण दिले असते. परंतु नुसती पाहायची म्हणून तू कुंची मागितलीस, तेव्हा तुझ्या आईची पेटी उघडून पार्सल मी केले. चंद्रभागा त्याच अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी तिला विचारले नाही, कारण ती काय म्हणेल हे मला माहीत होते. आईच्या पेटीला तिच्या माघारी मी पहिल्यांदा हात लावला तो याकरिता, याची मला लाज वाटते.

आता ज्यासाठी लिहीत आहे ते लिहितो. चंद्रभागेची नजर फार अधू झाली आहे. सुईत दोरा मी ओवून देतो. एवढ्या नजरेत अजून एकच कुंची होईल, असे तिचेच म्हणणे आहे. तुला सख्खी बहीण नाही, म्हणून तुझ्या बाळाची कुंची तिनेच शिवायची हे ठरलेले होते आणि त्यासाठी तिने खण आणून ठेवला होता. परवा तो खण मांडीवर घेऊन तिने मला विचारले, की त्या चित्रातल्या माणसाच्या डोक्याचा घेर केवढा असेल. मी म्हणालो, आधी बाळाची शिव. ती म्हणाली, "त्याले मी माह्या हातानं देली, का मंग ती चोरलेली राहत नाई. आपल्या खुशालवर चोरीचं नाव नको, दादा." मी पुष्कळ विनवले. ज्याने घेतली त्याने बोलावे, एवढेच तिचे उत्तर. खण अजून कापलेला नाही. माप खुशालला विचारून कळवतो, असे मी तिला सांगितले आहे आणि रोज पोस्टमन गेला की ती मला विचारते. माप लिहून पाठवू नकोस. स्वतः ये.

तुझाच, आणि तुझ्याइतकाच दोषी,
बाबा