चौदा पायऱ्या

मी, लोइस मॅरिएटा गार्विन, वय वर्षे एकसष्ट, अविवाहित, राहणार अकरा, सिकॅमोर गल्ली, न्यू हॅरो, टॅल्बर्ट काउंटी, ओहायो, येत्या शुक्रवारपर्यंत या काउंटीच्या प्रोबेट कोर्टात नोकरीला असलेली वकील, माझे हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. हे वाक्य मी दुसऱ्यांच्या कागदांत काही हजार वेळा वाचले आहे, आणि ते खरे आहे की नाही हे तपासण्याचाच पगार घेतला आहे. माझ्या बाबतीत ज्याला शंका असेल त्याने माझा भाऊ गॉर्डन याला विचारू नये.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. तेहतीस वर्षे मेलेल्या माणसांचे कागद वाचले, न्यायाधीशांना निकालाचे मसुदे लिहून दिले, आणि स्वतःचा कागद करायला सवड झाली नाही, असे मी लोकांना सांगते. लोक दिव्याखाली अंधार म्हणून हसतात. खरे कारण कलम चौथ्यात आहे.

कलम पहिले. मला आईशेजारी पुरावे. नंतरच्या जेवणासाठी चर्चमधल्या बायकांनी जेलीमध्ये किसलेले गाजर घालू नये. हे मी त्यांना जिवंतपणी सांगू शकले नाही.

कलम दुसरे. गॉर्डनने १९८८ साली माझी होडी एका शनिवार-रविवारासाठी नेली. ती मी त्याला या कागदाने कायमची देते. आता त्याने माझ्यासमोर विषय बदलणे बंद करावे. मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी. तो होडी परत करत नाही, पण कागद वेळेवर भरतो.

बँकेतील शिल्लक दोन भागांत वाटावी. एक भाग गॉर्डनच्या मुलींना, एक न्यू हॅरोच्या वाचनालयाला. वाचनालयाने खिडकीजवळच्या खुर्च्या बदलाव्यात.

कलम तिसरे. दांडा तुटलेले भिंग, तारखेचा शिक्का आणि माझी गादीची खुर्ची टेस ब्रॅनिगन हिला द्यावी. सोमवारपासून माझ्या जागी ती बसेल. खुर्ची डावीकडे कलते, तिची सवय होते. न्यायाधीश प्रूइट यांनी मला अकरा वर्षे "ती पोरगी" म्हटले, त्याबद्दल त्यांना मी माफ केले होते, असे इथे लिहायचा विचार होता. पण कागद शपथेचा आहे, म्हणून लिहीत नाही.

कोर्टाचा शिपाई वेंडेल हॅस्किन्स याला मी काहीही देत नाही. त्याच्यावर जीव कमी म्हणून नव्हे. त्याला साक्षीदार व्हायचे आहे, आणि साक्षीदाराचे हात रिकामे असलेले बरे. ते का, ते आता येईल.

कलम चौथे. माझे राहते घर, त्यातील चुलीसकट, मागील अंगणातील सफरचंदाच्या दोन झाडांसकट, मी वर्ना जीन टॅकेट हिला देते.

ती माझी कोणी लागत नाही. १९९४ साली एमेट स्ट्रॉड नावाचे एक म्हातारे गृहस्थ वारले. वर्नाने त्यांचे सहा वर्षे केले होते. खाणेपिणे, औषधे, शेवटी अंथरुणातले सगळे. त्यांनी एका कागदावर स्वतःच्या हाताने मृत्युपत्र लिहिले आणि घर तिला दिले. साक्षीदार म्हणून खाली दोन सह्या होत्या, एक टपालवाल्याची आणि दुसरी वर्नाची. ओहायोचा कायदा असा आहे की साक्षीदार दोनच असतील आणि त्यांतल्या एकाला काही मिळणार असेल, तर त्याला ते मिळत नाही. तिसरा साक्षीदार असला तर काही बिघडत नाही, मिळते. मी चार वर्षांची नोकरी झालेली, हुशार. अर्ध्या पानाचा अभिप्राय लिहिला. न्यायाधीशांनी सही केली. घर स्ट्रॉड यांच्या कोलंबसला राहणाऱ्या पुतण्याला गेले, त्याने ते दोन महिन्यांत विकले, आणि आज तिथे टायरचे दुकान आहे.

निकालाच्या आधीच्या आठवड्यात वर्ना कोर्टाच्या खिडकीशी आली होती. कारकून जेवायला गेली होती, म्हणून खिडकीत मी होते.

ती म्हणाली, "मॅडम, एक विचारू? सही कागदाच्या मागच्या बाजूला असली तर धरतात का?"

मी म्हणाले, "कोर्टातल्या लोकांना कायदेशीर सल्ला देता येत नाही."

ते खिडकीवरच्या पाटीवर लिहिलेलेच आहे. वाक्य बरोबर होते. ती "बरं" म्हणाली आणि गेली. मी पुन्हा फायलीत डोके घातले. फायलीत छायाप्रत होती, एकाच बाजूची. मूळ कागद तळघरातल्या तिजोरीत होता. तिजोरीपर्यंत चौदा पायऱ्या आहेत.

सत्तावीस वर्षांनी, २०२१ च्या मार्चमध्ये, जुने कागद संगणकात चढवायचे काम निघाले. स्ट्रॉड यांचा कागद माझ्याच हातात आला. मी तो यंत्रावर ठेवायला उलटला. मागे पेन्सिलीने, ठसठशीत, डेल्बर्ट क्रम असे नाव होते, तारीख होती, आणि "साक्षीदार, पुढे जागा नाही" असे लिहिले होते. डेल्बर्ट हे स्ट्रॉड यांचे शेजारी. त्याच शरदात ते मुलीकडे इंडियानात राहायला गेले. नोटीस फक्त पुढच्या बाजूच्या दोघांना गेली होती.

अकरा आठवडे मी कोणाला काही बोलले नाही. हे मी शरमेने लिहिते. मग न्यायाधीश ॲबरनॅथी यांना सांगितले. त्या बराच वेळ कागद उलटसुलट करत राहिल्या. म्हणाल्या, "लोइस, आता फाइल उघडून घर परत येणार आहे का? तिथे टायर विकतात." मी म्हणाले, निदान माझ्या नोंदीत ठपका तरी ठेवा. त्यांनी ठेवला. तो टाइप मीच केला, कारण त्यांना संगणक जमत नाही.

वर्ना कपडे धुण्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहते आणि शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. कामावर जाताना रोज टायरच्या दुकानावरून जाते. मग मी तिच्याकडे गेले आणि दारात उभी राहून सगळे एका दमात सांगितले. ती सोललेल्या घेवड्याचे भांडे मांडीवर घेऊन बसली होती. तिने फक्त एक शब्द विचारला.

"धरतात?"

मी म्हणाले, "धरतात."

तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी दिलेला हा एकच कायदेशीर सल्ला, आणि तो सत्तावीस वर्षे उशिरा.

ती रडेल असे मला वाटले होते, किंवा दार लावून घेईल. ती म्हणाली, "मी इतकी वर्षं स्वतःलाच शिव्या घालत होते गं. वाटायचं, मीच डेल्बर्टला नीट जागा दाखवली नाही. मी आधी सही केली आणि जागा खाल्ली." मग उठून तिने मला घेवड्याचे सूप वाढले, मक्याचा पाव कापून दिला, आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिली. जिना उतरताना माझे गुडघे दुखत नव्हते. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात, ते मी तोवर नुसते ऐकले होते.

आता आम्ही गुरुवारी एकत्र जेवतो. मागच्या महिन्यात मी तिला सांगितले की माझे घर मी तुला ठेवणार आहे.

"नको मला. दयेचं घर नको."

"दया नाही, वर्ना."

"मग भरपाई असेल. तीही नको. तू आलीस, सांगितलंस, माझं झालं. घर भाचींना दे."

"त्यांना घरं आहेत."

"बरं, असं करते," ती म्हणाली. "कागद झाला की बोलाव. साक्षीदार म्हणून मीच सही करते, म्हणजे घर मला मिळायचा प्रश्नच मिटला. हा कायदा मला तोंडपाठ आहे. शिकायला एक घर लागलं."

आणि ती हसली. असे हसणारी बाई हट्ट सोडत नाही, म्हणून मी वाद घातला नाही. तिला सही करू द्यायची. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, फक्त सही पाहायची असते, या नियमाचा मला आज पहिल्यांदा स्वतःसाठी उपयोग होतो आहे. मी गेल्यावरही तिला घर नकोच असेल, तर नाकारण्याचा छापील अर्ज खिडकीत मिळतो. मात्र तो कसा भरायचा हे विचारले, तर तिला काय उत्तर मिळेल ते तिला माहीत आहे.

कलम पाचवे. टेस, हा कागद एक दिवस तुझ्या टेबलावर येईल, छायाप्रतीच्या रूपात. खिडकीवरची पाटी काढू नकोस. तिच्यावर लिहिलेले बरोबर आहे, सल्ला देऊ नकोस. पण विचारणारा माणूस परत गेला की खाली जा आणि मूळ कागद हातात घे. चौदाच पायऱ्या आहेत. मी त्या आता रोज मोजते.

वर न आलेले जे काही निघेल ते वेळेवर सापडलेल्या कुठल्याही मांजराला द्यावे, असे माझी आई म्हणायची. कायद्याने मांजराला देता येत नाही. गॉर्डनने पाहून घ्यावे.

या पानावर खाली दोन सह्यांपुरतीच जागा सोडली आहे. ती मी पट्टीने मोजून सोडली आहे.

ठिकाण: न्यू हॅरो. गुरुवार, दिनांक १९ ऑक्टोबर २०२३.

(सही) लोइस मॅरिएटा गार्विन

लोइस गार्विन यांनी आमच्यासमोर सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर.

१. (सही) वेंडेल हॅस्किन्स, कोर्टाचा शिपाई. मला काही मिळत नाही असे समजले. चालेल.

२. (सही) वर्ना जीन टॅकेट. मजकूर वाचला नाही. साक्षीदार आम्ही दोघेच, तेव्हा घर आता मला मिळत नाही. लोइस, सूप थंड होतंय.

(पानाची मागची बाजू)

३. (सही) डेल्बर्ट ओरिन क्रम, वय ८९, इंडियानाहून परत आलेला, राहणार मिल रस्त्यावरील वृद्धाश्रम, न्यू हॅरो. त्याच दिवशी, दुपारी चार वाजता. पुढच्या बाजूची सही त्यांचीच आहे असे लोइसबाईंनी मला सांगितले आणि मी त्यांच्यासमोर ही केली. पुढे जागा आहे का म्हणून विचारले, तर नाही म्हणाल्या. मला या बाजूची सवय आहे. या वेळी पेन दिले.