हिकरीच्या सालीखाली

बाई, रियाधच्या लाकडाच्या गोदामातली माझी जागा या महिन्यात एका सौदी मुलीला मिळाली. आधी इथल्या माणसांना काम, नियमच आता तसा आहे, माझी तक्रार नाही. तिला काम शिकवून मग निघायचं होतं. त्यात मागच्या आठवड्यात अमेरिकेहून हिकरीचं लाकूड आलं: जिन्यासाठी भट्टीत वाळवलेल्या फळ्या आणि एका कॅफेच्या शोभेसाठी सालीसकट ओंडके. ओंडक्यांवर बारीक भोकं दिसली आणि मुदीर, म्हणजे आमचे मॅनेजर, ओरडायलाच लागले. "कीड! खलास, सगळं जाळा. फळ्यासुद्धा!"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगा ना."

मला कॉलेजमागची आमराई आठवली. पिवळी पानं बघून मी ऐटीत म्हणतो, "बाई, भिरूड लागलंय, झाड गेलं." तुम्ही माझ्या हातात कोयता देता. "साल न काढताच झाड मारतोस? वैद्य आहेस की यम?" सगळा वर्ग हसतो. तुम्ही हसत नाही, आणि माझं काम होईपर्यंत एक शब्द बोलत नाही. आत भिरूड नसतंच. मुळाशी पाणी साचलेलं असतं.

मी तिला पटाशी दिली. साल सुटली तशी ती पुटपुटली, "या अल्लाह!" मधे मादीनं कोरलेला आखूड उभा बोगदा आणि त्यातून दोन्ही बाजूंना फाकलेल्या अळ्यांच्या वाटा, गोमेच्या पायांसारख्या. काही पांढऱ्या अळ्या अजून वळवळत होत्या. हा हिकरीचा भुंगेरा, अवर्षणात थकलेली झाडं हेरणारा, एवढंच मी सांगितलं. पुढचं तिनं विचारत विचारत गाठलं: तो सालीखालीच वाढतो, वाळलेल्या फळीत त्याला काही मिळत नाही.

"ओंडके जाळायचे, फळ्या ठेवायच्या," ती मुदीरना म्हणाली.

"आणि फळ्यांना कीड लागली तर? जबाबदार कोण?"

फळ्यांना कीड लागणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून गप्प राहणं जड गेलं. पण राहिलो.

"मी," ती म्हणाली.

ओंडके त्याच दिवशी जाळले. फळ्यांचा जिना उभा राहतोय. परवा माझं विमान. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, हा कागद टाकणार तरी कुठे? बत्हा या इथल्या जुन्या बाजारवस्तीतल्या खाणावळीत आपल्याकडचे सगळे माझी नोकरी गेली म्हणून हळहळतात आणि मीही तोंड पाडून बसतो. खरं सांगू? तिचं ते "मी" ऐकून जितकं बरं वाटलं, तितकं इथं आल्यापासून मला कधी वाटलंच नव्हतं.