हाडक्याला मी मारते

प्रिय चिन्या,

आज आईने मला थोबाडीत मारली. या वयात! आणि तीही तुझ्यापायी, म्हणून तुलाच लिहितेय. दुसऱ्या कुणाला सांगू? कुणी ऐकून घेतलं तरी डोक्यावर परिणाम झालाय म्हणेल.

तुझ्या दहाव्याचं तुला सांगायचंच राहिलं. घाटावर पिंड ठेवला, कावळे झाडावर बसलेले, पण एक खाली येईल तर शपथ. बाबा पुढे झाले, म्हणाले, "मार्केट यार्डातल्या गाळ्यावर तुझं नाव लावतो रे." कावळे ढिम्म. अरे, तुला तर कांद्या-बटाट्याचा वासही सहन व्हायचा नाही! आई म्हणाली, "तुझ्या ताईचं लग्न थाटात करू." त्यावर एक कावळा चक्क उडून गेला. ऊन चढलं, गुरुजी घड्याळ बघायला लागले. मला काय झालं कुणास ठाऊक, मी किंचाळले, "चिन्या, हाडक्याला मी मारते! सोडत नाही त्याला!"

आणि शिवला की रे मेल्या, लगेच!

परत निघताना मामांनी मला बाजूला घेतलं. "हा हाडक्या म्हणजे चिन्याला उडवणारा तो डंपरवाला का गं? नाव कळलंय तुला? मग पोलिसांना सांगू या." त्यांना कसं सांगणार, की हाडक्या हा तुझ्या कॉम्प्युटरवरच्या गेममधला हाडांचा राक्षस आहे? आणि दर रविवारी तू त्याच्या गुहेत जाऊन मार खायचास, आणि मी वैदीण होऊन मागे उभी राहून तुझ्या जखमा भरायचे?

शब्द तर दिला. पण माझी वैदीण काय डोंबल मारणार? तिच्या हातात नुसती काठी. म्हणून तुझा पासवर्ड टाकला आणि तुझा योद्धा घेऊन गेले. पासवर्ड काय, तर मला चिडवायचं नाव! निर्लज्ज.

गुहेच्या दारात मोहरा ठेवल्याशिवाय आत सोडत नाहीत, ते तुला माहीतच आहे. तू साठवलेल्या सगळ्या मोहरा मी तिथे ओतल्या. प्रत्येक वेळी मरून बाहेर. त्यात तुझ्या ऑफिसातल्या रोहनचा फोन, "ताई, त्याचं अकाउंट विकायचं असेल तर चांगला रेट मिळेल." म्हटलं, "आधी तुझी किडनी वीक आणि तिचा रेट कळव." पुन्हा फोन आला नाही.

मोहरा संपल्या तशी मी वाटमारी सुरू केली. हो, तुझ्या योद्ध्याला घेऊन! पुलाखाली दबा धरायचा, एकटा खेळाडू आला की कुऱ्हाड घालायची. मुंडकं उडालं की त्याच्या मोहरा रक्तात सांडतात, त्या वेचायच्या. "भाऊ, सोड ना, नवीन आहे," असं लिहिणाऱ्यालाही मी उभा चिरला. तू तर नवख्यांना मोहरा वाटत फिरायचास, उधळ्या. पण मला बरं वाटायचं रे! तो डंपरवाला सापडला आणि जामिनावर सुटलाही. कात्रजला कुठल्या तरी टपरीवर चहा पीत बसला असेल. मग मी कुणाला मारू? कुऱ्हाड बसली की क्षणभर छातीतली आग विझायची. मग पुन्हा भडकायची.

आज दुपारी बाबा जेवून आडवे झाले होते. मी हाडक्यासमोर. त्याने योद्ध्याच्या छातीतून भाला आरपार घातला, तसाच वर उचलला आणि दगडावर आपटला. मी शिवी हासडली. परत मोहरा, परत आत. परत भाला. या वेळी त्याने आधी हात तोडला, मग गळा. आई चहा घेऊन मागे उभी आहे, हे मला कळलंच नाही.

योद्ध्याच्या डोक्यावर तुझं नाव तरंगत होतं. हौसेने मराठीत लिहिलं होतंस ना! ते तिने वाचलं. कप फुटला आणि फाडकन माझ्या गालावर.

"किती वेळा मारशील गं माझ्या लेकराला?"

खरंच सांगते, माझ्या एकदाही डोक्यात आलं नाही. मी हाडक्याकडे बघत होते. तिला फक्त तू दिसत होतास.

मग रडत रडत तिला सगळं सांगितलं. हाडक्या कोण, मोहरा कशाला, घाटावर मी काय बोलले. ऐकता ऐकता तिने कपाचे तुकडे गोळा केले. मग म्हणाली, "यात तू कुठली?"

मी वैदीण दाखवली. हिरवा झगा, काठी, कायम तुझ्यामागे दोन पावलं.

"घाटावर शब्द कुणी दिला?"

"मी."

"मग तू जा. त्याला घरी ठेव."

तुझा योद्धा आता गावातल्या विहिरीपाशी बसवलाय. त्याची कुऱ्हाड विकलेली नाही, घाबरू नकोस. लुटीच्या उरलेल्या मोहरा देऊन वैदिणीला तलवार घेतली. ती बघून आई म्हणाली, "हिने कोथिंबीर तरी चिरेल का?" तू गेल्यापासून पहिल्यांदा टोमणा मारला रे तिने.

आता नीट ऐक. वाटमारी बंद. यापुढच्या मोहरा मी लोकांच्या जखमा भरून मिळवीन, कितीही दिवस लागोत. वैदीण मरेल, पुन्हा मरेल, मागे सांभाळायला कुणी नाही, ठाऊक आहे मला. पण तुझ्या अंगाला आता कुणाचा भाला लागू देणार नाही. हाडक्याला मीच मारते. तू बस तिथे, विहिरीपाशी. पाणी पी.

तुझ्यापुढे दोन पावलं,
ताई